राजाचा साळा

आपल्या रंगभूमीवर राजा सहसा सापडत नाही. सापडतो तो राजाचा साळा.

हा शोध मी कुठल्याही विद्यापीठाला सादर केलेला नाही. मी पडलो बी.कॉम., आणि त्यातही बँकेतला कारकून. साहित्याकडे बघायची आमची नजर जरा हिशेबीच असते. लोक नाटकात रस शोधतात, मी नावे-जमा शोधतो. मौज कुणी केली आणि वसुली कुणाकडून झाली, एवढं कळलं की माझं तिकीट वसूल. पुढाऱ्यांच्या भानगडींवरची नाटकं या नजरेनं तपासायचा मला नाद लागला आहे. घरात याला 'रिकामपणचे उद्योग' असा शब्द आहे.

'भानगड' हा शब्दही काय झकास आहे पाहा! 'प्रकरण' म्हटलं की फाइल आठवते, 'लफडं' म्हटलं की कॉलेज आठवतं. भानगड म्हटली की मात्र डोळ्यांसमोर पांढरे कपडे, दोन-चार हस्तक आणि पडदे लावलेली गाडी आपोआप उभी राहते. संस्कृत नाटककारांना हा एक शब्द मिळाला नाही, म्हणून शूद्रकाला बिचाऱ्याला 'मृच्छकटिक'चे दहा अंक लिहावे लागले.

त्या दहा अंकांतला शकार हा आमच्या विषयाचा मूळ पुरुष. उज्जयिनीच्या पालक राजाच्या राणीवशात याची बहीण, आणि तेवढ्या भांडवलावर याचा सगळा कारभार. द्रौपदी रामाला भिऊन पळाली, कुंती रावणाच्या तावडीत सापडली, असलं त्याचं पुराणाचं ज्ञान. भाषणं ठोकायला एवढं ज्ञान पुरतं, हे आपण जाणतोच. तर हा गृहस्थ वसंतसेनेच्या मागे लागतो. ती दाद देत नाही म्हणून बागेत तिचा गळा दाबतो आणि मेली असं समजून तिला पालापाचोळ्याखाली झाकतो. वर स्वतःच न्यायालयात जाऊन 'खून चारुदत्तानं केला' अशी फिर्याद देतो!

खरी गंमत या फिर्यादीच्या वेळी आहे. न्यायाधीश आधी म्हणतो, आज तुझं काम घेता येणार नाही. शकार म्हणतो, ठीक आहे, मेहुण्याला सांगतो आणि तुझ्या जागी दुसरा माणूस बसवतो. झालं! काम त्याच दिवशी बोर्डावर. बदलीच्या धमकीचा इतका जुना आणि इतका स्वच्छ पुरावा दुसरीकडे मिळणं कठीण. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक संगीत करून मराठीत आणलं, तेव्हा पदांना वन्स मोअर मिळाले असतील. पण प्रेक्षागृहात एखादा जरी सरकारी नोकर बसला असेल, तरी या प्रवेशाला त्यानं मनातल्या मनात वन्स मोअर दिला असणार.

शूद्रकानं वसंतसेनेला जिवंत ठेवलं, हे त्याचे उपकार. ती शुद्धीवर येते, वधस्तंभापाशी धावत पोचते आणि चारुदत्ताचा जीव वाचतो. तिकडे राज्यक्रांती होऊन पालक राजा मारला जातो आणि गवळ्याचा पोर आर्यक गादीवर बसतो. शकाराला? त्याला चारुदत्त मोठ्या मनानं माफ करतो. गळा दाबला होता वसंतसेनेचा, आणि माफी दिली चारुदत्तानं. आमच्या बँकेत कर्ज एकाच्या खात्यावरचं आणि माफीचा अर्ज दुसऱ्याच्या सहीनं, असं झालं तर ऑडिटर लेजर तोंडावर फेकील. नाट्यशास्त्रात मात्र चालतं.

दुसरा साळा याहून बडा. विराट राजाचा साळा, म्हणजे राणी सुदेष्णेचा भाऊ आणि मत्स्य देशाचा सेनापती : कीचक. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीनं रंगभूमीवर आणलं. खाडिलकर टिळकांच्या 'केसरी'तले. त्यामुळे कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतमाता, सौम्य युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कुणी सांगावं लागलं नाही. कर्झनसाहेब १९०५ सालीच राजीनामा देऊन विलायतेला गेले होते, पण प्रेक्षकांनी त्यांना रजेवर समजून कामावर ठेवलं. सरकारला हा अर्थ कळायला तीन वर्षं लागली. १९१० साली नाटकावर बंदी आली. सरकारी कामाला तीन वर्षं म्हणजे फार नव्हेत.

बंदी घालायला कायदा हाताशी तयार होता : १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा. त्याचा जन्मच मुळी एका बड्या घरच्या कुजबुजीतून झालेला. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, कलकत्त्याला आले होते. तिथले एक नामवंत वकील जगदानंद मुखर्जी यांनी त्यांना घरी बोलावलं आणि घरातल्या पडद्यातल्या बायकांनी युवराजांचं स्वागत केलं. सारं कलकत्ता खवळलं. 'गजदानंद ओ युवराज' नावाचा फार्स लागलीच रंगभूमीवर आला. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकनं आधी वटहुकूम काढला, आणि वर्ष संपायच्या आत कायदा झाला. वकिलाची अब्रू, युवराजाची अब्रू, सरकारची अब्रू, सगळ्यांची सोय झाली. ज्या बायकांना ओवाळायला उभं केलं होतं, त्यांना ही कल्पना पसंत होती की नव्हती, याची विचारपूस ना फार्सवाल्यांनी केली ना कायदेवाल्यांनी. तो कायदा पुढे इंग्रज गेल्यावरही आपण जपून ठेवला. केंद्राच्या पुस्तकातून तो रद्द झाला २०१८ साली. एकशे बेचाळीस वर्षं! इतकं दीर्घायुष्य फक्त जुन्या थकबाकीला लाभतं.

तर कीचक. महाभारतातला तो प्रसंग वाचताना माझं बोट नेहमी एका जागी अडतं. सैरंध्री पळत भर दरबारात येते, कीचक तिला सर्वांसमोर लाथ मारतो आणि विराट राजा गप्प बसतो. पगार देणारा सेनापती सांभाळायचा की दासी, हा त्याचा व्यवहार आपण समजू शकतो. पण तिथंच कंकभट्टाच्या वेषात तिचा नवरा बसलेला आहे. तो काय म्हणतो? नटीसारखी रडू नकोस, इथं द्यूताचा खोळंबा होतो आहे. धर्मराज झाला तरी काउंटर बंद व्हायच्या वेळी आलेल्या माणसाशी तो आमच्यासारखाच बोलला.

१९०७ च्या प्रेक्षकांनी सैरंध्रीसाठी मुठी आवळल्या, त्या देशासाठी आवळल्या. आणि त्या काळी त्या आवळायलाच हव्या होत्या, यात शंका नाही. पण हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर तिची तक्रार तिच्या खात्यातून काढून देशाच्या खात्यात वर्ग झाली. वर्ग करायला खातेदाराची सही लागते, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, ही पुराणातली वांगी; खऱ्या आयुष्यात राजा सापडला असेल की नाही? सापडला. आणि मराठी गादीवरचाच सापडला. १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या श्रीमंत व्यापाऱ्याची मोटार काही लोकांनी अडवली. बावला गोळ्यांना बळी पडला. त्याच्याबरोबर मुमताज बेगम होती. तिच्या चेहऱ्यावर वार झाले. त्या लोकांना तिला उचलून न्यायचं होतं, कारण ती इंदूरच्या तुकोजीराव होळकरांच्या जनानखान्यातून निघून आली होती. नेमके त्या वेळी काही इंग्रज लष्करी अधिकारी गोल्फ खेळून परत येत होते आणि त्यांनी मध्ये उडी घेतली. एकाच्या हाती हत्यार म्हणून गोल्फची काठी होती. नाटककारानं हे लिहिलं असतं तर दिग्दर्शक म्हणाला असता, बुवा, योगायोग फार होतोय, काठी तरी काढा.

खटला मुंबईच्या हायकोर्टात चालला. आरोपींतल्या एकाचे वकील होते बॅरिस्टर जिना. साक्षीच्या पिंजऱ्यात मुमताज बेगम उभी राहिली आणि सारं सांगितलं : इंदूर सोडून ती का आली, आपली तान्ही मुलगी तिथं मारली गेली असं ती का समजते, सारं. भर दरबारात बाई बोलली आणि दरबाराला लिहून घ्यावं लागलं, असं या सगळ्या हकिगतीत एवढं एकदाच घडतं. आणि तेही नाटकात नव्हे. गुन्हेगारांना शिक्षा झाल्या, दोघे फासावर गेले. ते सगळे हुकमाचे ताबेदार. हुकूम कुठून आला, या प्रश्नावर सरकारनं महाराजांपुढे दोन पर्याय ठेवले : चौकशी समितीला तोंड द्या, नाहीतर गादी सोडा. १९२६ च्या फेब्रुवारीत महाराजांनी गादी सोडली आणि ती मुलाला, यशवंतरावांना मिळाली. दोन वर्षांनी महाराजांनी अमेरिकेच्या नॅन्सी मिलर बाईंशी लग्न केलं, त्या शर्मिष्ठाबाई होळकर झाल्या. कर्जदार सुखरूप, जामीनदार फासावर. वसुली खात्याच्या अनुभवात यात नवीन काही नाही.

या प्रकरणावर 'कुलीन कांता' नावाचा चित्रपट १९२५ सालीच निघाला. मूकपट होता. म्हणजे जी बाई कोर्टात बोलली, ती पडद्यावर जाताच पुन्हा गप्प झाली. तंत्राचा दोष म्हणायचा.

विलायतेत तरी काय वेगळं? युद्धमंत्री प्रोफ्युमो यांनी १९६३ च्या मार्चमध्ये पार्लमेंटात सांगितलं, भानगड नाही. जूनमध्ये सांगितलं, होती, आणि राजीनामा दिला. ओळख करून देणारा डॉक्टर स्टीफन वॉर्ड खटला संपता संपता झोपेच्या गोळ्यांनी मेला. क्रिस्टीन कीलर वर्षअखेरीस तुरुंगात गेली, गुन्हा दुसऱ्याच एका खटल्यातल्या खोट्या साक्षीचा. मंत्र्यानं पार्लमेंटात जे केलं त्याला निवेदन म्हणतात. पुढे २०१३ साली लंडनला एक संगीत नाटक आलं, त्याचं नाव 'स्टीफन वॉर्ड'. तिथंसुद्धा नाव मधल्या माणसाचंच!

आपल्याकडे याच सुमारास, १९६५ साली, वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' आलं आणि दादा कोंडक्यांनी महाराष्ट्राला हसून हसून आडवं केलं. त्याचं कथानक कुणी गंभीर चेहऱ्यानं सांगितलं तर ते गुप्तचर खात्याचं वाटेल. हवालदाराला कोतवाल व्हायचंय. त्यासाठी आताच्या कोतवालाला मैनावतीच्या नादी लावायचं, आणि तिच्या 'विच्छे'साठी त्यानं राजाचा छपरी पलंग चोरला की रंगेहाथ पकडून द्यायचं. अधिकाऱ्याला बाईच्या जाळ्यात पकडण्याचा हा धंदा हल्ली टीव्हीवाले एका इंग्रजी नावानं सांगतात आणि आपणच शोध लावल्यासारखे ओरडतात. मी 'विच्छा' कॅसेटवर ऐकलंय आणि पुढे एकदा हौशी मंडळींचं पाहिलंय. हसलो भरपूर. या यादीत मैनावती ही एकटीच अशी, की जिला काय हवंय हे कुणीतरी विचारतं. विचारतं ते फसवण्यासाठी, ही गोष्ट अलाहिदा.

आणि मग 'घाशीराम'. १६ डिसेंबर १९७२, पुण्याचं भरत नाट्य मंदिर. विजय तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि मोहन आगाशे नाना फडणवीस. व्यवहार उघडा आहे : घाशीराम आपली पोर ललितागौरी नानाला देतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली घेतो. तारण ठेवलं, कर्ज उचललं. अधिकार हाती येताच तो पुण्याला पिळून काढतो. पोर दिसत नाही म्हणून शोधायला निघतो, तेव्हा कळतं की ती बाळंतपणात मेली, पुरलीसुद्धा. नाना तोवर पुढच्या लग्नाच्या तयारीला लागलेला. घाशीराम उसळतो, नाना त्याला चार शब्दांत थंड करतो, आणि शेवटी जमावाच्या हाती देऊन मोकळा होतो. तारणही गेलं, कर्जदारही गेला, सावकार नाचतोच आहे. बँकिंगच्या परीक्षेला मी याहून चांगलं उदाहरण वाचलेलं नाही.

खरा घाशीराम १७९१ च्या ऑगस्टअखेर लोकांच्या हातून मारला गेला, कारण त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले. मुलीच्या सौद्याची गोष्ट नाटकाची, आणि आपण इतिहास लिहिलेला नाही हे तेंडुलकर सांगतच होते. पण वाद काय झाला? नानांसारख्या मुत्सद्द्याची बदनामी झाली, ब्राह्मणांची झाली, पुण्याची झाली. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक बंद केलं. कलावंतांनी बाहेर पडून थिएटर अ‍ॅकॅडमी काढली, १९७४ च्या जानेवारीत प्रयोग पुन्हा सुरू झाले. १९८० साली ते युरोपला निघालं तर परत गदारोळ, कोर्टकचेरी. मी त्या वादाचे जितके कागद वाचले, तितक्यांत नानांची नऊ लग्नं मोजणारे भेटले, ब्राह्मणांची रांग मोजणारे भेटले. गौरीची बदनामी झाली म्हणून निषेध करणारा एकही भेटला नाही. तिचं पुण्यात कुणी नातेवाईक नव्हतं, हे एक कारण. दुसरं असं की तिच्या तोंडी नाटकातही फारसं बोलणं नाही. मला हे नाटक फार मोठं वाटतं, आणि तेंडुलकरांनी तिला जाणूनबुजून मुकी ठेवली असंच मी मानतो. फक्त आपण तो इशारा घेतला नाही. आपण नानांच्या पगडीभोवतीच फिरत राहिलो.

पुण्याची गोष्ट पुण्याला ठेवून आता जरा आमच्याकडे या. आमच्याकडे म्हणजे गोंदिया जिल्ह्यात. १९९९ च्या १ मेला भंडाऱ्यातून वेगळा निघालेला आमचा जिल्हा धान, तलाव आणि नाटक या तीन गोष्टींवर जगतो. अर्जुनी-मोरगाव, सडक अर्जुनी या अंगाला माझी बदली झाली तेव्हा शहरातल्या मित्रांनी सांत्वनपर फोन केले. त्यांना काय माहीत, की दिवाळी होऊन धान घरात आलं की इथं मंडईच्या निमित्तानं गावोगाव रात्रभर नाटक असतं! याला झाडीपट्टीची रंगभूमी म्हणतात. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या टापूत ती शंभराहून जास्त वर्षं चालली आहे, दंडार आणि खडी गंमत या तिच्या थोरल्या बहिणी, आणि कंपन्यांचं मुख्य ठाणं गडचिरोलीतलं वडसा. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे पुण्या-मुंबईच्या पेपरांनी 'झाडीपट्टी' हा शब्द शुद्ध छापला.

इथल्या नाटकाची जाहिरात हे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, विशेष अतिथी, प्रमुख उपस्थिती. सर्व पक्षांची नावं त्यात येतात, कारण वर्गणी सर्वांकडून आलेली असते. नटांची नावं उरलेल्या जागेत. वेळ दहाची छापतात. अकरापर्यंत सत्कार, साडेअकरापर्यंत भाषणं, मग पहिली घंटा. लेकी-जावई मुद्दाम नाटकासाठी आलेले असतात, चटया अंथरलेल्या, पोरं पांघरुणात, शेकोट्या पेटलेल्या.

मी पाहिलं त्या नाटकात खलनायक पुढारीच होता. खादी, गॉगल, अंगठ्या, सगळं जिथल्या तिथं. कारखान्यात नोकरी देतो म्हणून तो गरिबाच्या पोरीला बंगल्यावर बोलावतो. याच्या दिमतीला हलकटपणा करायला कोण असावं? बायकोचा भाऊ! अडीच हजार मैल आणि दीड हजार वर्षं ओलांडून शकार थेट धानाच्या बांधीत उतरला होता. (मैलांचा हिशेब मी जरा सैल धरला आहे. बँकेबाहेर तेवढी मुभा असावी.)

पहिल्या रांगेत सगळे उद्घाटक, सहउद्घाटक खांद्यावर शाली आणि मांडीवर नारळ घेऊन बसले होते. पुढाऱ्याची बदमाशी उघडी पडत गेली तसे ते असे काही टाळ्या पिटू लागले, की मागच्यांना संवाद ऐकू येईनात. एक जण शेजाऱ्याच्या कानाशी लागून दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवत होता. दुसऱ्या टोकाचा इकडे दाखवत होता. आपल्यावरच नाटक लिहिलंय असं वाटलेला एकही माणूस त्या रांगेत नव्हता. बंदीची मागणी नाही, निषेध नाही. उलट मध्यंतरात दोघांनी स्टेजवर जाऊन खलनायकाला रोख बक्षीस दिलं.

दुसऱ्या अंकाच्या शेवटी पोरगी विहीर जवळ करते. बायका पदराआड ढसाढसा रडल्या. तिसऱ्या अंकात भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो, आणि त्याखाली तिचा भाऊ, पुढारी, इन्स्पेक्टर, विरोधी पक्षाचा नेता यांची जुगलबंदी. पल्लेदार संवाद, जोरकस अभिनय, प्रत्येकाच्या तोंडी 'तिच्या अब्रूची किंमत'. माझ्या पुढच्या चटईवरची एक म्हातारी मात्र नातवाला कुशीत ओढून आडवी झाली. सून म्हणाली, आत्ताच तर रंगात आलं, झोपता काय? म्हातारी म्हणाली, "पोरगी तं मेली ना व. आता मानसायचंच भांडन आहे." आणि पाच मिनिटांत घोरायला लागली. नाट्यसमीक्षा मी बरीच वाचली आहे, पण इतकी थोडक्यात नाही.

पहाटे पाचला नाटक सुटलं. दहाला मी काउंटरवर, डोळ्यांत मिरच्या घातल्यासारखं होतंय आणि समोर धानाच्या चुकाऱ्यांची रांग. अकराच्या सुमारास रांगेत ती पोरगी उभी दिसली. नाटकातली, विहीर जवळ केलेली. तोंडावरचा रंग पुसलेला, पापण्यांच्या कडांना काजळ राहिलेलं, हातात रात्रीच्या मानधनाच्या नोटा. कोअर बँकिंग आल्यापासून खातं कुठल्याही शाखेचं असो, पैसे इथं भरता येतात. स्लिप तिनं स्वतः भरली होती, अक्षर माझ्याहून बरं. मी नोटा मोजल्या, शिक्का मारला. रोखपाल झाला तरी रसिकच, राहवलं नाही. म्हटलं, "रात्री नाटक छान झालं. तिसरा अंक तर फारच रंगला."

तिनं स्लिपचा तुकडा पर्समध्ये ठेवला.

"तिसऱ्या अंकात तर माझा फोटोच असते ना जी," ती म्हणाली, आणि तिच्या कंपनीची गाडी बाहेर हॉर्न देत होती म्हणून निघाली. संध्याकाळी त्यांचा सालेकशाकडे प्रयोग होता.